गळती मोजायची तर गुणाकार करा

दर सेमिस्टरला शंभरातली नव्वद मुलं पुढं सरकतात असं कुणी सांगितलं, तर आपण मान डोलावतो. दहाच तर गळाली! आता पदवीची सहा सेमिस्टरं धरा आणि ०.९ हा आकडा सहा वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर येतं ०.५३. म्हणजे पदवीपर्यंत पोचली त्रेपन्न. नव्वदच्या जागी ९५ टक्के धरले तर ७४ आणि ९८ टक्के धरले तर ८९. ९५ वरून ९८, म्हणजे सेमिस्टरमागं जेमतेम तीन टक्क्यांची दुरुस्ती, पण शेवटी पंधरा पदवीधर जास्त.

उजनीहून सोलापूरला येणाऱ्या पाइपलाइनसारखंच हे. पाणी कुठल्याही सांध्यातून गळालं तरी नळाला कमीच येणार. गुणाकारात क्रमाला अर्थ नसतो, मग गळती पहिल्याच सेमिस्टरला थांबवा, असा माझा आग्रह का? कारण इथले सांधे सुटे नाहीत. पहिला गळला की पुढचेही ढिले होतात, आणि ते ढिले करणारं यंत्र म्हणजे आपली एटीकेटी, म्हणजे राहिलेले पेपर सोबत घेऊन पुढं जाण्याची सवलत.

समजा सेमिस्टरला पाच पेपर आहेत आणि मुलीचा प्रत्येक पेपर सुटण्याची शक्यता ०.९ आहे. पाचही एका दमात सुटण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्के. हुशार मुलीचंही एवढंच! मागचे दोन राहिले की पुढं सात पेपर. आता सगळे सुटण्याची शक्यता ४८ टक्के. पण अभ्यासाचे तास तेवढेच असतात, ते सातांत वाटले जातात. त्यामुळे प्रत्येक पेपरची शक्यता ०.८५ वर घसरली असं धरलं, तर सातवा घात येतो ३२ टक्के. मुलगी तीच, डोकं तेच. तरी घरी निदान होतं ‘साडेसाती’ आणि स्टाफरूममध्ये ‘हिचं डोकंच चालत नाही’. शनीला इथं घात आणि घातांक शिकवण्याची गरज नाही, आपण शिकलो तरी पुरे.

(आकडे उदाहरणादाखल आहेत. पेपर एकमेकांपासून स्वतंत्र धरलेत, प्रत्यक्षात ते तसे नसतात. पण दिशा हीच.)

म्हणून निकालाची वाट पाहणं हीच मुख्य चूक. पहिल्या सेमिस्टरचा निकाल हातात येईतो बऱ्याचदा जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा आलेली असते, आणि तोवर ओझं दुसऱ्या सेमिस्टरवर चढलेलं असतं. चौथ्या आठवड्यातच तीन गोष्टी बघाव्यात: हजेरी, दहा गुणांची एक चाचणी आणि शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलाय का. बँक खातं आधारला जोडलेलं नसणं हे गळतीचं फार कोरडं पण खरं कारण आहे.

हल्ली ‘एआय सांगेल कोण गळणार’ असं विकणारे फिरतात. जरा हिशेब करू. शंभरात वीस गळणार आहेत. यंत्रणेनं त्यातले पंधरा पकडले आणि न गळणाऱ्या ऐंशीतल्या दहा टक्क्यांवर, म्हणजे आठ जणांवर, चुकून बोट ठेवलं. यादी झाली तेवीसची, त्यातली आठ नावं चुकीची आणि पाच खरी सुटलेलीच. अशी यादी नोटीस बोर्डावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की ‘ढ’ असा शिक्का बसतो. थेट वडिलांना फोन केला तर मुलीचं कॉलेजच बंद होण्याचा धोका. म्हणून नाव यादीत आलं की दोन दिवसांच्या आत फोन करायचा तो विद्यार्थ्यालाच, आणि विचारायचं, ‘कुठं अडलंय?’ एका शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुलं असतील तरच हे जमतं. साठ दिली की फक्त रजिस्टर भरतं.

उत्तरं बहुतेकदा अभ्यासाबाहेरची येतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘एसॅप’ कार्यक्रमात सल्लागार होते, फीमधली तूट भरली जायची, पुस्तकं मिळायची आणि प्रवासाचं कार्डही. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत तीन वर्षांत पदवी मिळवणारे २२ वरून ४० टक्क्यांवर गेले. आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ पासून एका जिल्ह्यापुरतंच आहे, तरी करमाळा किंवा बार्शीची मुलगी रोज एसटीच्या वेळापत्रकावर जगते. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच चालतो. म्हणजे गळतीचा सांधा सुरू होतो, नेमका तिथंच हा पास संपतो.