घड्याळावरचे सोने आणि पाऱ्याची वाफ

पॅरिसमध्ये १८०० च्या आसपास घडवलेल्या, घरातल्या शेकोटीवरच्या फळीवर मांडायच्या घड्याळांत सगळ्यात आधी डोळ्यांत भरते ते त्यांचे सोने. खाली संगमरवराची जड बैठक, वर देवदेवतांच्या झळझळीत मूर्ती. या मूर्ती म्हणायला ब्राँझच्या, पण त्यांच्या तांब्यात बहुधा कथलापेक्षा जस्तच जास्त, म्हणजे धातू आपल्या पितळेच्या जवळचा. त्यावरचा मुलामा मात्र अस्सल सोन्याचा.

सोने वितळायला १०६४ अंश सेल्सियस तापमान लागते. गरम पाऱ्यात मात्र ते सहज विरघळते आणि लोण्यासारखा मऊ लगदा होतो. कारागीर आधी मूर्तीला पारा आणि नायट्रिक आम्लाचे द्रावण लावत, मग हा लगदा ब्रशने सारवून मूर्ती कोळशाच्या धगीवर धरत. पारा ३५७ अंशांना उकळतो. तो उडून जाई आणि सोन्याचा थर धातूला घट्ट धरून राही. जिथे चकाकी हवी तिथे अकीक दगडाने घोटाई होई. थराची जाडी जेमतेम काही मायक्रॉन. म्हणून असले घड्याळ कोणाकडे असेल तर देवाच्या भांड्यांसारखे चिंच-लिंबू लावून घासू नये. सोने घासले जाईल आणि आम्लाने संगमरवरही खाल्ला जाईल.

उडालेला पारा जाई तो थेट मुलामेवाल्याच्या फुफ्फुसात. पाऱ्याचा थेंब गिळला तर पोटात तो जवळजवळ शोषला जात नाही. वाफ हुंगली तर तिचा सुमारे ८० टक्के भाग रक्तात उतरतो आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. मग हात कापू लागतात, हिरड्या सुजतात, दात हलतात. ही कामे करणारी माणसे अकालीच खचत.

आंद्रे-आंत्वान राव्रिओ हा नेपोलियनच्या राजवाड्यांना माल पुरवणारा नामांकित ब्राँझकार. त्याने हे सारे जवळून पाहिले होते. १८१४ मध्ये तो वारला, तेव्हा मुलामेवाल्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय शोधणाऱ्यासाठी त्याने ३००० फ्रँक ठेवले होते. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने १८१८ मध्ये ते बक्षीस रसायनज्ञ दार्से यांना दिले. त्यांची युक्ती साधी होती. धुराड्याला जोडून एक छोटी भट्टी पेटती ठेवायची. तिची गरम हवा वर चढताना कामाच्या भट्टीवरची हवाही ओढून नेते, आणि पुढे काचेची झडप असली की वाफ कारागिराच्या तोंडाकडे येत नाही. आज रसायनशाळेत विषारी वायूंसाठी जे बंदिस्त कपाट असते, त्याचे काम याच तत्त्वावर चालते. फक्त ओढ द्यायला आता पंखा असतो. माझ्या मते त्या घड्याळांतल्या दातेरी चाकांपेक्षा हे धुराडे जास्त हुशारीचे होते.

१८४० मध्ये इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि पाऱ्याची गरज हळूहळू सरली. जुना मुलामा मात्र आजही ओळखता येतो. भट्टीत सगळा पारा उडत नाही, थोडा सोन्यातच अडकून राहतो. संग्रहालयातले तज्ज्ञ मूर्तीवर क्ष-किरण सोडतात आणि तिच्यातून परत येणाऱ्या किरणांची ऊर्जा मोजतात. त्यात पाऱ्याची खूण सापडली, की मुलामा भट्टीवरचा असल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो.