जाहिराती भरपूर म्हणजे भरती जोरात?

"पोर्टलवर एवढ्या जागा निघाल्यात, म्हणजे मार्केट उघडलंय" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, पण जाहिरात दिसली म्हणजे जागा असतेच असं नाही. एकच पोस्ट चार कन्सल्टन्सीवाले आपापल्या नावाने टाकतात, काही कंपन्या नुसते रेझ्युमे गोळा करायला जाहिरात चालू ठेवतात आणि कधी कधी तर माणूस आतूनच ठरलेला असतो. तारीख आजची असली तरी जुनीच जाहिरात रिफ्रेश करून वर आणलेली असू शकते. चेक करायचं तर त्यातलं एक अख्खं वाक्य कॉपी करून अवतरणचिन्हांत गुगलवर टाका, तीच जाहिरात अजून कुठे कुठे आहे ते बऱ्याचदा कळतं. मग कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवर बघा. तिथे नसेल तर एचआरला सरळ विचारा, जॉइनिंग कधीपर्यंत हवंय?