सामुदायिक आरोग्य परिचर्या : नीती, कायदा व व्यावसायिक मानके

रुग्णालयाबाहेर, म्हणजे घरी, अंगणवाडीत, शाळेत, उपकेंद्रात किंवा वाडी-वस्तीवर जाऊन आरोग्यसेवा देणाऱ्या परिचारिकेला लागू असलेले कायदे, व्यवसायाचे ठरलेले निकष आणि नैतिक संकेत यांचा विचार या नोंदीत केला आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही सेवा मुख्यतः जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविका देतात. शासकीय कागदावर त्या एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका), गावाच्या तोंडी ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’. आरोग्य सहाय्यिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी त्यांच्या कामावर देखरेख ठेवतात. गावातली आशा स्वयंसेविका त्यांच्या जोडीने काम करते. २०१८नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही नेमले जाऊ लागले.

परिचर्येची आचारसंहिता मुळात रुग्णालय डोळ्यांपुढे ठेवून घडली. तिथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, खाटेभोवती पडदा ओढता येतो आणि रुग्ण परिचारिकेच्या जागेत आलेला असतो. गावात परिचारिकाच लोकांच्या दारात जाते. तिथे आधी सासूशी बोलावे लागते, घरातले बोलणे शेजारी ऐकू जाते आणि रात्री अपरात्री निर्णय एकटीने घ्यावा लागतो. या क्षेत्रातले जवळजवळ सगळे अवघड प्रश्न या फरकातून उभे राहतात. कायद्याने मात्र हा फरक फारसा लक्षात घेतलेला नाही.

नियामक चौकट

भोर समितीने १९४६मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. करतारसिंग समितीने १९७३मध्ये वेगवेगळ्या रोगांसाठी वेगवेगळे कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी नेमण्याची शिफारस केली आणि प्रसूतीपुरते काम पाहणारी एएनएम बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली. मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आजही चालतो. पाड्या-पाड्यांत विखुरलेल्या ३,००० लोकांपर्यंत पायी पोचणे म्हणजे काय, हे त्या आकड्यातून कळत नाही.

शिक्षण आणि नोंदणीसाठी भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ आणि राज्यात महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ हे कायदे करण्यात आले. राज्य परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. नैतिक बाजूने पाहता आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३मध्ये पहिली संहिता स्वीकारली. तिची ताजी सुधारणा २०२१ची आहे. भारतीय परिषदेने आपली नीतिसंहिता व व्यावसायिक वर्तनसंहिता २००६मध्ये काढली. याशिवाय आरोग्यसेविका जिल्हा परिषदेची कर्मचारी असल्यामुळे १९६७चे जिल्हा सेवा वर्तणूक नियमही तिला लागू होतात. परिणामी एकाच चुकीसाठी जिल्हा परिषदेची खातेनिहाय चौकशी, परिचर्या परिषदेपुढची तक्रार आणि पोलिसांत गुन्हा, असे तिन्ही एकाच वेळी तिच्यामागे लागू शकते.

अधिकाराची कक्षा

औषध विकण्या-वाटण्यासाठी परवाना लागतो. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला मात्र शासकीय कार्यक्रमातली औषधे देण्यासाठी तो लागत नाही. औषधे नियमावलीच्या ‘के’ अनुसूचीत तशी स्पष्ट सूट आहे. केंद्र शासनाच्या कुशल प्रसूती सेवेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल देण्याची आणि झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची तिला मुभा आहे. बाळ बाहेर येण्याआधी कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणे मात्र या मुभेबाहेरचे आहे. ‘सिस्टर, एक सुई मारा, लवकर सुटका होईल’ हा आग्रह घराघरात होतो. त्याला नाही म्हणणे हे या व्यवसायातले सर्वात महत्त्वाचे कौशल्य मानायला हवे, कारण त्या सुईने गर्भाशय फाटू शकते.

कक्षेची ही रेघ कायमची नसते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने द्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने तान्ह्या बाळाला सुई द्यावी का, हा तेव्हा नैतिक वाद होता. पुढे २०१४मध्ये केंद्राने, बाळाला रुग्णालयात नेणे शक्य नसेल तेव्हा, एएनएमला जेंटामायसिन देण्याची परवानगी दिली. कक्षा वाढली ती पुरावा, प्रशिक्षण आणि देखरेख यांच्या आधारावर. एखाद्या साहेबाने फोनवर ‘दे तू’ म्हटल्याने ती वाढत नाही. असा तोंडी आदेश मिळाल्यास वेळ आणि नाव लिहून ठेवावे, हा प्रघात प्रत्येक परिचारिकेला पहिल्या दिवशी शिकवला पाहिजे.

संमती

प्रौढ स्त्रीच्या नसबंदीसाठी किंवा गर्भपातासाठी कायद्याला फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची नाही. तरीही ‘मालकांची सही आणा’ असे सांगण्याची पद्धत अनेक ठिकाणी टिकून आहे. उलट बाजूने, तांबी किंवा शस्त्रक्रियेच्या उद्दिष्टापायी बाईला नीट न सांगता अंगठा घेण्याचे प्रकारही घडले. कुटुंब नियोजनाची उद्दिष्टपद्धती १९९६मध्ये अधिकृतपणे रद्द झाली. पण मासिक सभेत आकडे विचारले जातच राहिले. बिहारच्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२मध्ये एका शाळेत सुमारे दोन तासांत ५३ स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. संमतीचा मजकूर स्थानिक भाषेत समजावण्याचेही बंधन घातले. नंदुरबारच्या पाड्यावर स्थानिक भाषा म्हणजे भिली किंवा पावरी. तिथे मराठी अर्ज पुढे करून हे बंधन पाळले असे म्हणता येत नाही.

गोपनीयता

ग्राम आरोग्य व पोषण दिनी अंगणवाडीच्या एकाच खोलीत गरोदर बायका, लेकरे, सासवा, आशा आणि अंगणवाडी सेविका असतात. तपासणीसाठी दोन खिळ्यांना साडी बांधून आडोसा केलेला असतो. साडीआड दिसत नाही, पण ऐकू सगळे येते. वजन, हिमोग्लोबिन, ‘आधीचं किती वेळा पडलं?’ हे सगळे बाहेर जाते.

एचआयव्हीच्या बाबतीत कायदा सर्वात काटेकोर आहे. २०१७चा एचआयव्ही व एड्स अधिनियम १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निष्कर्ष उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगण्याची तरतूद आहे. पण ती फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकासाठी, तीही ठरावीक अटींवर. आरोग्यसेविकेने नवऱ्याला सांगणे, भले त्याच्या हितासाठी असो, कायद्याचा भंग ठरते. गरोदर मातांच्या यादीत त्या नावापुढे लाल शाईची खूण करणे हेही उघड करणेच आहे. गावाला खुणा वाचता येतात.

अलीकडे गृहभेटीचा पुरावा म्हणून बाळंतिणीसोबतचा फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायला सांगितले जाते. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीने स्त्रीची ओळख उघड करणे एक वर्षापर्यंतच्या कैदेला पात्र ठरवले आणि २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियमही मंजूर झाला. तरी हे फोटो काढायला सांगणारी व्यवस्था आणि त्याबद्दल जबाबदार धरली जाणारी परिचारिका, हा अन्याय मिटलेला नाही.

अल्पवयीन गरोदर मुलगी

नीती आणि कायदा यांची सर्वात दुखरी गाठ इथे आहे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लग्न झालेले असणे ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या ‘इंडिपेंडंट थॉट’ निकालानंतर तर ‘ती माझी पत्नी आहे’ हा नवऱ्याचा बचावही उरला नाही. बीड, जालना, परभणीच्या ऊसतोड पट्ट्यात कारखान्यावर जाण्याआधी मुलीचे लग्न उरकतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला. ती मुलगी सतराव्या वर्षी पोटुशी होऊन उपकेंद्रात येते तेव्हा तिच्या वयाचा रकाना सिस्टरला भरायचा असतो.

‘एकोणीस लिहा ना सिस्टर’ अशी विनवणी आई करते. तसे लिहिले तर गुन्हा नोंदला जात नाही आणि घर टिकते. पण कमी वयाची माता अतिजोखमीची मानली जाते. वय वाढवून लिहिले की ती त्या यादीतून गळते. जादा तपासण्या, वेळेवर मोठ्या दवाखान्यात पाठवणे, बाळंतपणाचे ठिकाण आधी ठरवणे, हे सगळे तिच्या वाट्याचे जाते. दयेपोटी केलेली खोटी नोंद त्या मुलीच्याच जिवावर उठू शकते. म्हणून खरे वय लिहावे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत कळवावे. मात्र त्याआधी मुलीला एकटीला बसवून पुढे काय होईल हे सांगावे. तिला अंधारात ठेवून पोलीस दारात पाठवणे हे कायद्याचे पालन असेल, परिचर्या नव्हे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तक्रारीच्या भीतीने मुली दवाखान्यात येईनाशा होतात आणि घरीच बाळंत होतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये सहमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिने व पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना कळवताना गुप्त ठेवण्याची मुभा दिली. पण ती नोंदणीकृत डॉक्टरला आणि गर्भपातापुरती. गर्भ वाढवू पाहणारी मुलगी आणि तिला तपासणारी सिस्टर या दोघी त्या सवलतीबाहेर राहिल्या.

प्रौढ स्त्रीचे वेगळे आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकाऱ्यास कळवण्याची कुणालाही मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. तिथे स्त्रीची इच्छा आधी.

लसीकरणाची मानके

या कामात मानक म्हणजे काय हे लसीच्या कुपीवर दिसते. पोलिओच्या कुपीवर एक वर्तुळ आणि आत चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. कुपी फोडली की तारीख आणि वेळ लिहायची. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लसीची उघडलेली कुपी नियम पाळून ठेवली तर २८ दिवस चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची मात्र चार तासांनंतर फेकावी लागते. तिच्यात जंतू वाढले तर बाळ दगावू शकते. लस दिल्यावर अर्धा तास बाळाला थांबवून ठेवायचे आणि आईला चार गोष्टी सांगायच्या : कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचे, कार्ड जपून ठेवायचे.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कुपी हातात घेऊन लेबल वाचणे ही दोन सेकंदांची कृती आहे. ती चुकली याची जबाबदारी व्यक्तीची असतेच. पण थेंबांच्या टेबलावर दुसरी बाटली येऊ न देणे आणि पुरेसे प्रशिक्षण देणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. कारवाईची झळ बहुधा सर्वात खालच्या पायरीवरच्या बाईला बसते, आणि मग पुढची चूक लपवली जाते.

हलगर्जीपणा

सर्वोच्च न्यायालयाच्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने (२००५) वैद्यकीय फौजदारी गुन्ह्यासाठी ठळक, गंभीर हलगर्जीपणा आवश्यक मानला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ने हलगर्जीपणाने मृत्यूची शिक्षा दोनवरून पाच वर्षांपर्यंत नेली आणि वैद्यकीय उपचार करताना घडल्यास नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी ती दोन वर्षांवर ठेवली. त्या व्याख्येत फक्त डॉक्टर येतात. एकाच प्रसूतिगृहातल्या एकाच घटनेत डॉक्टरला कमाल दोन आणि परिचारिकेला कमाल पाच वर्षे, असा हा भेद आहे. त्याला कोणतेही समर्थन सापडत नाही.

नुकसानभरपाईचे दायित्व मात्र शासनावर येते. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३मध्ये नसबंदी शस्त्रक्रियेनंतर पोटात कापड राहून एका स्त्रीचा मृत्यू झाला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये राज्य शासनाला जबाबदार धरले. पूर्णपणे मोफत शासकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, हे १९९५च्या व्ही. पी. शांता निकालाने ठरलेले आहे. त्यामुळे उपकेंद्राविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येत नाही.

परिचारिकेचे संरक्षण

आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१०मध्ये कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कामानिमित्त गेलेले कोणतेही ठिकाण आणि मालकाने पुरवलेले प्रवासाचे वाहन हेही ‘कार्यस्थळ’ धरले आहे. गावोगाव फिरणाऱ्या स्त्रीला हा आधार मिळाला, त्यामागे राजस्थानच्या भंवरी देवी आहेत. १९९२मध्ये बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केले म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि त्यातूनच कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा विशाखा निकाल आला. रात्री प्रसूतीसाठी बोलावणे आल्यावर सोबत, वाहन आणि चालू फोन मिळणे ही परिचारिकेवरची मेहेरबानी नव्हे, तिच्या मालकाचे कर्तव्य आहे.

१९४७च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोग अधिनियम, २०२३ करण्यात आला. त्यात तीन स्वायत्त मंडळांची तरतूद आहे : शिक्षण, मूल्यांकन व मानांकन, आणि नीती व नोंदणी. राज्यांनीही आपापले आयोग नेमायचे आहेत. वर्तनाची मानके ठरवणे आणि राष्ट्रीय नोंदवही ठेवणे हे तिसऱ्या मंडळाचे काम आहे. घरभेटीतली संमती, एकटीने घेतलेले निर्णय आणि वयाचा रकाना यांसाठी उपकेंद्राच्या पातळीवरचे स्वतंत्र निकष आखायचे, तर ते काम याच मंडळाच्या कक्षेत येते.