हिंदी महासागरातील गुलामांचा व्यापार फक्त अरबांचा नव्हता

हिंदी महासागरातील गुलामगिरी म्हणजे अरब व्यापाऱ्यांनी आफ्रिकी माणसे पकडून नेणे, एवढाच समज अनेक वर्षे पसरलेला आहे. अरबांचा आणि ओमानी सुलतानांचा त्यातील सहभाग निर्विवाद आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील त्यांच्या झांझिबार बेटावरचा गुलामबाजार ब्रिटिशांशी झालेल्या 1873 च्या तहानंतरच बंद झाला. मात्र या व्यापारात युरोपीय कंपन्याही होत्या, आणि विकली जाणारी माणसे केवळ आफ्रिकेची नव्हती, ही बाजू सोयीस्करपणे गाळली जाते.

डच ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून हजारो माणसे बटाव्हिया (आजचे जकार्ता), श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिकेतील केप येथे नेली. 1659 ते 1661 या काळात विजापूरच्या स्वाऱ्या आणि दुष्काळ यांनी तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त झाला, तेव्हा उपासमारीने स्वतःला किंवा मुलांना विकणाऱ्या कुटुंबांमुळे ही खरेदी एकाएकी वाढली. केपमधील गुलामांच्या नावांपुढे ‘बंगालचा’, ‘मलबारची’ अशी नोंद आढळते. पोर्तुगिजांच्या गोव्यात मोझांबिकमधून आणलेले गुलाम घरोघरी होते, तर फ्रेंचांनी मॉरिशस आणि रियुनियनच्या मळ्यांसाठी मुख्यतः मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून माणसे आणली. झांझिबारच्या व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्यांत कच्छी व्यापारीही होते, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

सगळ्यांचे जीवन सारखे नव्हते, हेही खरे. इथिओपियातून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. पण तो अपवाद होता, आणि त्याच्या उदाहरणावरून या व्यापाराला सौम्य ठरवणे चुकीचे आहे.