शून्यही नाही, एकही नाही

“कॉम्प्युटरला फक्त शून्य आणि एक कळतं,” हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. हार्ड डिस्कला जोडलेली साटा केबल मात्र तिसरी गोष्टही ओळखते: गप्प बसणं.

या केबलच्या सात पिनांपैकी तीन ग्राउंडच्या. उरलेल्या चारांच्या दोन जोड्या, एक जाणारी आणि एक येणारी. जोडीतल्या पहिल्या तारेचा विजेचा दाब (व्होल्टेज) दुसरीपेक्षा जास्त असला की ‘एक’, कमी असला की ‘शून्य’. म्हणजे शून्य पाठवायलाही वीज लागतेच. दोन्ही तारा सारख्याच दाबावर आल्या की जोडी गप्प. हीच ‘इलेक्ट्रिकल आयडल’ अवस्था.

वाटेत प्रत्येक तारेत एक इवलासा कपॅसिटर असतो, फार तर 12 नॅनोफॅरडचा. दोन टोकांच्या सर्किटांचे मूळ दाब वेगळे असू शकतात. कपॅसिटर हा स्थिर फरक अडवतो, बदल तेवढा पलीकडे सोडतो. पण शून्यांची लांबच लांब रांग आली तर? बदलच नाही, मग पलीकडचा दाब ओसरत जाणार. म्हणून 8 बिट 10 बिटांच्या वेषात जातात. आयबीएमच्या विडमर आणि फ्रॅनाझेक यांनी 1983 मध्ये मांडलेल्या या युक्तीत सलग पाचांहून जास्त सारखे बिट येतच नाहीत. 6 गिगाबिटच्या साटाला सेकंदाला 750 ऐवजी 600 मेगाबाइटच मिळतात, ते यामुळे. (आणि फिरत्या तबकडीची डिस्क त्याच्या निम्म्यालाही क्वचितच पोचते. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने ती धावायला लागेल, असं सांगणारा दुकानदार भेटला तर नमस्कार करून निघा.)

आता खरी गंमत. झोपलेल्या जोडणीला (तबकडीला नव्हे) उठवायचं कसं? दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली नाहीत, बिट वाचणार कोण? मिस्ड कॉलचे दिवस आठवा: फोन उचलायचा नाही, रिंगवरूनच काय ते समजायचं. इथेही तसंच. सुमारे 107 नॅनोसेकंदांचा कल्ला, मग शांतता, पुन्हा कल्ला, असं सहा वेळा. मधली शांतता 320 नॅनोसेकंदांची असेल तर ‘नव्याने सुरू कर’, 107 ची असेल तर ‘जागी हो’. कल्ला दोन्हींत तेवढाच. निरोप शांततेच्या लांबीत. ऐकणारं सर्किट बिट वाचतच नाही. दीड गिगाबिटच्या साटात तारांमधला फरक 50 मिलिव्होल्टच्या खाली असला की शांतता, 200 च्या वर गेला की कल्ला, एवढंच ते बघतं.

झोपही दोन प्रकारची. ‘पार्शल’ म्हणजे डुलकी: 10 मायक्रोसेकंदांत उठायलाच हवं. ‘स्लंबर’ गाढ, तिथे 10 मिलिसेकंदांची मुभा. त्या झोपेत तारांचा दाब भरकटला तरी चालतो, फक्त दोघींनी मिळून भरकटायचं.