युद्धकालीन फौजी रिव्हॉल्व्हर : ओळख व कालनिश्चिती

पहिल्या व दुसऱ्या महायुद्धात सैन्यांनी वापरलेल्या रिव्हॉल्व्हरचा नमुना, कारखाना, बनावटीचे वर्ष आणि नंतर झालेले फेरफार ठरवण्याची पद्धत. संग्राहक, परवानाधारक शस्त्रविक्रेते, संग्रहालये आणि वारशाने हत्यार आलेली कुटुंबे यांना तिची गरज पडते. ठशातले वर्ष ज्या भागावर आहे त्या भागाचे असते, अख्ख्या हत्याराचे नव्हे, हा या कामातला मूळ नियम. फौजी हत्यार वरचेवर दुरुस्तीला जाते. नळी बदलते, घोडा बदलतो, मुठीच्या फळ्या तर हमखास बदलतात. ‘हे १९१७ चे आहे’ म्हणणाऱ्याला त्यातले नेमके काय १९१७ चे, हे सांगता आले पाहिजे.

इंदूर-महू परिसर

१८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदूरजवळ महूची छावणी वसली आणि फौजी हत्यारांचा इथला राबता तेव्हापासूनचा. इंग्रजी अमलात अधिकाऱ्याला कमरेचे रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशाने घ्यावे लागे. त्यात सरकारी काडतूस चालले पाहिजे, एवढे पाहिले जाई. बरीच खरेदी ‘आर्मी अँड नेव्ही’ सहकारी सोसायटीच्या मुंबईच्या दुकानातून होई, आणि त्या हत्यारांच्या वरच्या पट्टीवर सोसायटीचे नाव कोरलेले सापडते. अशा खासगी वेब्लीवर (बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीच्या रिव्हॉल्व्हरवर) सरकारी मालमत्ता दाखवणाऱ्या बाणाचा ठसा नसतो. तो नाही म्हणून हत्यार नकली ठरवणे ही इथली नेहमीची चूक आहे. याउलट एखाद्या संस्थानी मुद्रेचा ठसा दिसला की किंमत दुप्पट सांगितली जाते. मुद्रा मागाहून मारणे अवघड नसल्यामुळे सोबत जुना परवाना किंवा नोंदवहीचा उतारा नसेल तर तिला पुरावा मानू नये.

प्रत्यक्ष नमुने पाहायचे तर इंदूरमध्ये सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रीय शस्त्र व युद्धकौशल्य शाळेचे शस्त्रसंग्रहालय आहे. फोटोवरून नळीची लांबी आणि मुठीचा घाट कळत नाही. एकदा खरे मार्क ६ (.४५५ वेब्लीचा नमुना) आणि खरे एनफील्ड (सरकारी कारखान्याचे .३८) शेजारी शेजारी पाहिले की पुढचे निम्मे काम होते.

पाहणीचा क्रम

हत्यार परवानाधारकाच्या किंवा विक्रेत्याच्या समक्षच हाताळावे. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. वेब्ली-एनफील्डमध्ये डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे मोडते. स्मिथ अँड वेसनमध्ये डाव्या बाजूची खिट्टी पुढे सरकवली की चक्री डावीकडे बाहेर येते. सगळी घरे रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही करावी.

नंतर मोजमाप. नळीची लांबी तिच्या मागच्या टोकापासून तोंडापर्यंत मोजतात, चक्री त्यात धरत नाहीत. व्हर्नियर कॅलिपरने तोंडाचा आतला व्यास घ्यावा : ११ मिमीच्या वर भरला तर .४५५ (इंचातले माप) घराणे, ९ मिमीच्या आसपास भरला तर .३८. ठसे वाचायला दहापट भिंग आणि बाजूने तिरपा पडणारा विजेरीचा उजेड लागतो. पुसट ठशावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवली की अक्षरे उमटतात. ठसा स्पष्ट करण्यासाठी पॉलिश, तारेचा ब्रश किंवा सॅंडपेपर लावू नये. ठशाची कड बोथट होते आणि मग तो खोल मारलेला कारखान्याचा की उथळ मारलेला नंतरचा, हे कळायची सोयच उरत नाही.

शेवटी अनुक्रमांकांची जुळणी. सांगाडा, नळी आणि चक्री यांच्यावरचे अंक एक आहेत का, एवढ्या एका तपासणीत निम्मे ‘अस्सल’ नमुने गळतात. न जुळणारी चक्री हा गुन्हा नाही. फौजी कार्यशाळेत ती बदललेली असू शकते. तसे असले तर किंमत मात्र जुळणाऱ्या नमुन्याची देऊ नये.

.४५५ वेब्ली

बर्मिंगहॅमच्या वेब्लीचा मार्क १ ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारला. मार्क ४ १८९९ चा, म्हणून त्याला बोअर युद्धाचा नमुना म्हणतात. मार्क ५ डिसेंबर १९१३ चा. धूररहित दारूच्या काडतुसासाठी त्याची चक्री किंचित जाड केली आहे. मे १९१५ मध्ये आलेला मार्क ६ सर्वांत जास्त बनला आणि सर्वांत जास्त टिकला. ओळखायला तो सोपा : सहा इंची नळी, स्क्रूने बसवलेली आणि बदलता येणारी पुढची माशी (नेम धरायची खूण), आणि खाली चौकोनी होणारी मूठ. आधीच्या नमुन्यांची नळी सामान्यतः चार इंची व मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी गोलसर असते. वजन सुमारे १.१ किलो, त्यामुळे हातात घेताच .३८ च्या नमुन्यापेक्षा वेगळे जाणवते.

युद्धकाळातल्या मार्क ६ वर डाव्या बाजूला वेब्लीचे नाव, पेटंटचा उल्लेख आणि चार अंकी वर्ष असते. वेब्लीने हा नमुना १९२१ पर्यंत बनवला. त्यानंतर १९२६ पर्यंत तो एनफील्डच्या सरकारी कारखान्यात बनला. एनफील्डचे नाव असलेला मार्क ६ म्हणूनच पहिल्या महायुद्धातला असू शकत नाही, विक्रेता काहीही सांगो. मुठीच्या मागच्या पट्टीवरचे आकडे व अक्षरे ही पलटणीची खूण आणि रॅकचा क्रमांक असतात. ‘१५’ किंवा ‘१७’ दिसले की त्याला साल समजणारे बरेच आहेत.

एक फेरफार आवर्जून तपासावा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक वेब्लींची चक्री मागून तासली गेली, म्हणजे .४५ ऑटोमॅटिक पिस्तुलाची बिनकडेची काडतुसे अर्धचंद्र पत्रीत बसवून वापरता यावीत. तासलेल्या चक्रीच्या मागे नेहमीपेक्षा मोठी फट दिसते आणि तिथला अंक अर्धवट कापलेला असतो. हे काम परत फिरवता येत नाही. शिवाय त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या मूळ तपासणीच्या दाबापेक्षा जास्त, त्यामुळे हत्यार वापरलेही गेले असेल तर सांगाड्यात ताण आलेला असण्याची शक्यता असते.

पहिल्या महायुद्धात वेब्ली अपुऱ्या पडल्या तेव्हा ब्रिटनने स्पेनमधल्या एइबार गावच्या कारखान्यांकडूनही .४५५ रिव्हॉल्व्हर घेतली. ती वेब्लीसारखी मोडणारी आहेत आणि सरकारी ठसेही खरे आहेत. त्यांना ‘नकली वेब्ली’ म्हणून कवडीमोलाने विकणारा स्वतःचेच नुकसान करतो.

एनफील्ड क्र. २ आणि .३८ वेब्ली

पहिल्या महायुद्धानंतर हलके हत्यार हवे म्हणून .३८ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास), दोनशे ग्रेनच्या गोळीचे काडतूस ठरले. वेब्लीने नमुना दिला, सरकारने तो थोडा बदलून एनफील्डमध्ये बनवायला घेतला आणि १९३२ मध्ये तो ‘क्र. २ मार्क १’ म्हणून स्वीकारला. वेब्ली आणि सरकारचा त्यावरून वाद झाला तो वेगळा. दोन्ही बाहेरून जुळी दिसतात, आतले भाग एकमेकांत बसत नाहीत. एनफील्डच्या सांगाड्याला बाजूने निघणारी झाकणपट्टी असते, वेब्लीला नसते.

वर्ष वाचण्यात एनफील्डइतके सरळ दुसरे हत्यार नाही : उजव्या बाजूला मुकुट, कारखान्याचे नाव, नमुना आणि चार अंकी वर्ष. घोटाळा होतो तो घोड्यावरून. १९३८ मध्ये ‘मार्क १ चांदणी’ (नावापुढे * खूण) आला. त्याच्या घोड्याला मागची टोच नाही, म्हणजे अंगठ्याने घोडा चढवता येत नाही, फक्त चाप ओढूनच गोळी सुटते. जुने मार्क १ दुरुस्तीला आले की त्यांचेही घोडे बदलले आणि जुन्या ठशापुढे चांदणी मारली. त्यामुळे १९३५ चा सांगाडा, बिनटोचीचा घोडा आणि बाकीच्या अक्षरांशी न जुळणारी चांदणी हा अगदी प्रामाणिक संयोग आहे. संशयास्पद आहे ते उलटे : १९४१ चा सांगाडा आणि टोचीचा घोडा. तो बहुधा विक्रीसाठी बसवलेला.

१९४२ च्या ‘दोन चांदण्या’ नमुन्यात उत्पादन वाढवण्यासाठी घोड्याचा अडसर काढून टाकला. हत्यार पडले तर गोळी सुटण्याचा धोका निर्माण झाला आणि बहुतेक नमुने नंतर परत बोलावून दुरुस्त केले गेले. मूळ अवस्थेतला म्हणूनच दुर्मीळ. ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सने १९४१ ते १९४३ या काळात ही रिव्हॉल्व्हर बनवली आणि सिंगर शिलाई यंत्रांच्या कंपनीने सुटे भाग पुरवले, त्यांवर ‘एसएसएम’ अक्षरे असतात. एफ.टी.आर. ही अक्षरे आणि शेजारी वर्ष असेल तर ते कारखान्यातल्या संपूर्ण दुरुस्तीचे वर्ष. जन्मवर्ष सांगाड्यावर वेगळे शोधावे.

युद्धकाळातल्या .३८ वेब्ली मार्क ४ वर ‘वॉर फिनिश’ असा ठसा असतो. यंत्राच्या रेघा तशाच सोडलेल्या असत आणि कंपनीने त्याची अशी आगाऊ कबुली दिली. तो ठसा असून पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल तर कुणीतरी नंतर पॉलिश केले आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर याच घाटणीचे असल्याने दुरून फसवते. बोअर मोजला आणि ठसा वाचला की प्रश्न मिटतो.

स्मिथ अँड वेसन ‘व्हिक्टरी’

अमेरिकी मदतीतून ब्रिटिश व राष्ट्रकुल सैन्याला मिळालेले. यावर वर्ष नसते, अनुक्रमांकावरूनच काळ काढावा लागतो. १९४२ मध्ये जुनी मालिका दहा लाखांवर पोचली आणि अंकाआधी ‘व्ही’ अक्षर सुरू झाले. ‘एस.व्ही.’ असेल तर १९४४ च्या अखेरीचे किंवा त्यानंतरचे : जहाजाच्या डेकवर रिव्हॉल्व्हर पडून एक खलाशी मरण पावल्यावर घोड्याला नवा अडसर बसवला, त्याची ती खूण. अंक मुठीच्या तळाशी, नळीखालच्या सपाट भागावर, चक्रीच्या मागे आणि फळीच्या आत पाहावा. चकचकीत निळी झिलई व नक्षीदार फळ्या आधीच्या, भुरकट काळी फॉस्फेट झिलई व साध्या अक्रोडी फळ्या नंतरच्या.

ब्रिटिश कंत्राटाचे नमुने .३८ आखूड काडतुसाचे, बहुतेक पाच इंची. युद्धानंतर व्यापाऱ्यांनी त्यातले खूप .३८ स्पेशलसाठी आतून लांब खोदले आणि नळ्या चार इंचांवर कापल्या. मूळ घर स्पेशलच्या काडतुसाला किंचित सैल असल्याने झाडलेल्या पुंगळ्या फुगतात, कधी फाटतात. कापलेली नळी ओळखायला वरच्या बाजूचा कंपनीचा मजकूर पाहावा : तो पुढच्या टोकाकडे सरकल्यासारखा दिसतो, आणि माशी डाख देऊन बसवलेली असते.

इतर देशांची रिव्हॉल्व्हर या भागात क्वचितच. रशियन नागाँची खूण म्हणजे सात गोळ्या आणि गोळी सुटण्याआधी पुढे सरकून नळीला चिकटणारी चक्री. तुला कारखान्याच्या ताऱ्याजवळ वर्ष, आणि तिरपी रेघ असलेला छोटा चौकोन म्हणजे नंतरची डागडुजी. जपानी टाइप २६ वर वर्ष नसते, घोड्याला टोचही नसते.

मागाहूनचे ठसे

बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ म्हणजे हिंदुस्थान सरकारची, ‘सी’ मधला बाण कॅनडाचा, ‘यू’ मधला दक्षिण आफ्रिकेचा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर हत्यार सरकारी सेवेतून विकले गेले. मुकुटाखाली ‘एनपी’ हा व्यापारी प्रूफचा (दाब-चाचणीचा) ठसा. बहुधा विक्रीच्या वेळचा, म्हणून त्यावरून बनावटीचे वर्ष काढू नये. ‘नॉट इंग्लिश मेक’ हा ठसा १९२५ नंतर परदेशी हत्यारांवर मारला जाई.

सरहद्दीकडच्या गावठी नकलांत अक्षरे एकाच उंचीची नसतात, ‘एन’ उलटा पडतो, आणि राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली १९१५ असे साल येते. राणी १९०१ मध्ये वारली.

नोंद, जतन व कायदा

नोंदवहीत एका ओळीत ‘१९३५ एनफील्ड’ लिहू नये. सांगाड्याचे वर्ष, चांदणी मूळ की नंतरची, घोड्याचा प्रकार, नळी व चक्रीचे अंक, फळ्यांचे साहित्य, सर्व ठशांचे तिरप्या उजेडातले फोटो असे भागवार लिहावे. एनफील्डच्या उजव्या फळीतली पितळी चकती पलटणीच्या नोंदीसाठी असते. कोरी असली तरी काढू नये.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार ठेवू नये. माळव्याच्या पावसाळ्यात कातडे ओल धरते आणि कमावणीतली आम्ले पोलादाला खातात. गंजाचे डाग नेमके होल्स्टरच्या शिवणीलगत उठतात. पातळ तेलाचा हात, सुती कापड आणि सिलिका जेल पुरते.

फौजी बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट पुरातन किंवा कालबाह्य हत्यारांना आहे, पण दुरुस्तीनेही चालू न शकणाऱ्या हत्यारांनाच. शंभर वर्षे झाली म्हणून चालता मार्क ६ सुटत नाही. कलम ८ नुसार ओळखीचे अंक खोडणे किंवा बदलणे गुन्हा आहे, तेव्हा ‘अंक जुळवून देतो’ म्हणणाऱ्या कारागिरापासून लांब राहावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, वारशाचेही त्यात धरून. परवानाधारक वारल्यावर कपाटात सापडलेले हत्यार आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. ठसे वाचणे, अंक जुळवणे हे सगळे तिथे ठेवलेले असतानाही करता येते. शंभर वर्षांपेक्षा जुना नमुना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येत असल्याने खासगी व्यक्तीला तो परदेशी पाठवता येत नाही.