कुटुंबाचा फोटो संग्रहालयात कसा पोचला

वस्तीतल्या कुटुंबांना स्थानिक संग्रहालयानं बोलवायचं, सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा, एक प्रत त्यांना द्यायची आणि एक नावानिशी जपून ठेवायची, असे उपक्रम आता अनेक देशांत होतात. संग्रहालयांना हे सुचायला शंभरावर वर्षं लागली. का लागली, हे समजून घ्यायचं तर सुरुवात मुंबईपासून करावी लागते.

देशातली पहिली फोटोग्राफिक सोसायटी मुंबईत १८५४ मध्ये निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. स्वतः डॉक्टर, पण कॅमेऱ्यात मुरलेले. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयासाठी भाऊ दाजींनी खस्ता खाल्ल्या, ते १८७२ मध्ये खुलं झालं आणि १९७५ पासून त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

पण त्या काळात 'समाजाचा फोटो' म्हणजे जातीचा नमुना. छायाचित्रकार विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत छापले. त्यात माणसं एकीकडे टिपून मागचं दृश्य दुसरीकडचं जोडण्याचा प्रकारही आहे. सरकारी आश्रयानं निघालेला 'द पीपल ऑफ इंडिया' तर आठ खंडांचा, १८६८ ते १८७५ या काळातला, ४६८ फोटोंचा. फोटोखाली जात, धंदा, प्रांत. बहुतेकांचं नाव मात्र नाही. हे फोटो आज अभिलेखागारांत जपलेले आहेत आणि त्यातले चेहरे निनावी आहेत. मला ही गोष्ट फार लागते.

कुटुंबांनी कॅमेरा आपलासा केला तो वेगळ्या वाटेनं. सुरुवातीला फोटो रसायन लावलेल्या काचेवर निघे; ती ओली असतानाच फोटो घेऊन धुवावी लागे आणि काही सेकंद तसूभरही हलायचं नसे. लहान मुलांसह फोटो म्हणजे कसरतच. १८८० नंतर तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि काम सोपं झालं. नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबाद संस्थानात खास बायकांसाठी स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. पडद्यातल्या बायकांचेही फोटो मग निघू लागले.

फोटो काढला की आयुष्य घटतं, ही भीती आपल्याकडेही होती. ती ओसरत गेली तसा घरोघरी ग्रुप फोटो आला: मधे खुर्चीत आजी-आजोबा, मागे मुलगे आणि सुना, पुढे सतरंजीवर नातवंडं, पाठीमागे रंगवलेला पडदा. फ्रेम भिंतीवर उंच, थोडी पुढे झुकलेली. पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचा छाप आणि कधी शाईनं लिहिलेली नावं. जातीच्या खंडांत नव्हतं ते इथे होतं. पण संग्रहालयांनी ही घरगुती चीज बराच काळ आपली मानली नाही.

हा दृष्टिकोन बदलल्याचं ठळक उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं. तिथला बेल व्ह्यू स्टुडिओ १९२६ ते १९७५ चालला. टोनी वॉकर या छायाचित्रकारानं जुन्या काचेच्या प्लेटांवर, दिवसाच्या उजेडात, गिरण्यांत कामाला आलेल्या पंजाबी, मिरपुरी, बंगाली, पोलिश, युक्रेनी, कॅरिबियन माणसांचे फोटो काढले. कोटाच्या खिशाला पेन, मनगटावर घड्याळ दिसेल अशी बसण्याची ढब. फोटो गावी पाठवायचा असे. उरलेल्या सुमारे १७,००० निगेटिव्ह आज शहराच्या संग्रहालयाकडे आहेत. बहुतेकांची नावं मागे राहिली नाहीत. ती आता ब्रॅडफर्डच्या लोकांनाच विचारावी लागतात.

म्हणून आजच्या उपक्रमांत फोटोइतकाच जीव नोंदीत असायला हवा: डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचं नाव, नातं, मूळ गाव, साल. आपल्याकडच्या संग्रहालयांनी हे हाती घेतलं तर प्रत्येक बाईचं माहेरचं नावही विचारून लिहावं. जुन्या फोटोंमागे तिच्यासाठी नुसतं 'सौ.' लिहून पुढे नवऱ्याचं नाव असतं.